उन्हाचा तास

पायगुडे सर,

निकाल आला. तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी, मी कसब्यातल्या आमच्या दवाखान्याचा जिना चढत होते तेव्हा. फोनवर वाचला, मग पायरीवर बसून पुन्हा वाचला. पेशंट मला वळसा घालून वर जात होते. एका आजोबांनी विचारलंसुद्धा, "बाई, चक्कर आली का?" चार दिवस थांबायला काय झालं होतं हो तुम्हाला? जन्मभर पोरांना दटावलंत, शिट्टी होईपर्यंत रेष सोडायची नाही म्हणून. आणि स्वतः मात्र शिट्टीच्या आधी सुटलात.

तर आधी निकाल, कारण प्रस्तावना ऐकून घ्यायची सवय तुम्हाला कधीच नव्हती. आपण जिंकलो. ज्या शाळांतली मुलं रोज एक तास वर्गाबाहेर, उघड्यावर, उजेडात गेली, त्या शाळांत नव्याने चष्मा लागणारी मुलं कमी निघाली. योगायोग म्हणून सोडून द्यावं इतकी किरकोळ कमी नाहीत. आकडेमोड करणाऱ्यांनी उलटसुलट तपासून "हो, खरंच" म्हणावं इतकी. आणि हे सगळं पलीकडच्या शाळेला आपल्याविरुद्ध मोजून. हे शेवटचं वाक्य तुम्हाला लगेच कळलं असतं आणि तुम्ही खुर्चीवरून उठला असतात. बाकीच्यांना कळावं म्हणून पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि त्यात माझ्या वाट्याचंही आलंच.

मी डोळ्यांची डॉक्टर. पेठेत वाढले, पेठेतच नोकरी, आणि वाघोली म्हणजे माझ्या लेखी नगर रस्त्यावर कुठेतरी लांब. तुम्ही तिथलेच. गाव शहरात आलं, शेतांच्या सोसायट्या झाल्या, पण तुमची बोली काही शहरात यायला तयार झाली नाही. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच संस्थेच्या दोन शाळा, आणि दोन्हींना मिळून खेळाचे शिक्षक एकच. सकाळी अलीकडे, दुपारी पलीकडे, आणि मधे तो रस्ता ओलांडण्याचा व्यायाम वेगळा.

पहिल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत डोळ्याचं प्लास्टिकचं मॉडेल घेऊन उभी राहिले. वाढत्या वयात काही मुलांचा डोळा हवा त्यापेक्षा लांब वाढतो, मग फळ्यावरचं धूसर दिसतं, चष्मा लागतो, नंबर वर्षावर्षाला चढतो, आणि फारच चढला तर मोठेपणी डोळ्याच्या पडद्याला धोका असतो, हे सगळं सांगितलं. बाहेरचा लख्ख उजेड या वाढीला कदाचित आवर घालतो, असंही म्हटलं. बाकीचे शिक्षक माना डोलवत होते. मागच्या बाकावरून तुमचा आवाज आला.

"कदाचित म्हंजी?"

"म्हणजे इतर देशांत तसं दिसलंय. आपल्या शाळांत, आपल्या मुलांत मोजून पाहायचंय."

"पोरांनी भायेर खेळावं, हे ठरवायला डॉक्टर लागतो व्हय?"

"लागतो. नाहीतर खेळाचा तास गणिताला देतात, तेव्हा तुमचं कोण ऐकतं?"

यावर तुम्ही मोठ्याने हसलात, कारण त्या आठवड्यातले तुमचे सगळे तास गणिताला गेले होते. गणिताच्या बाई हसल्या नाहीत.

तिथेच आपलं पहिलं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, खेळायलाच हवं असं नाही. डोळ्याला उजेड हवा. मुलांनी बाहेर बसून डबा खाल्ला, गोष्टी सांगितल्या, तरी चालेल. तुम्ही तुमचा जाड भिंगांचा चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "बाई, ती पोरं हायेत. पापड न्हाईत, वाळत घालायला." मला राग आला, कारण शास्त्र माझ्या बाजूने होतं आणि खोली तुमच्या बाजूने हसत होती. आम्हा पेठेतल्या लोकांना वाटतं की टोमणे मारायचा मक्ता आमचाच. त्या दिवशी तो गैरसमज गेला.

मग चिठ्ठ्या. अशा अभ्यासात काही शाळांना तास मिळतो, काहींचं नेहमीसारखं चालू राहतं, आणि शेवटी दोन्हीकडच्या मुलांचे डोळे तपासून तुलना करतात. कुठल्या शाळेला काय हे आपण ठरवायचं नाही, नाहीतर चांगल्या शाळा नकळत एकाच बाजूला गोळा होतात. म्हणून मी माझ्या डब्याचं भांडं रिकामं केलं, त्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि जमलेल्यांतल्या वयाने मोठ्या माणसाने त्या काढायच्या असं ठरलं. मोठे तुम्हीच निघालात. अलीकडच्या शाळेची चिठ्ठी निघाली "तास". पलीकडच्या शाळेची "नेहमीप्रमाणे". ती चिठ्ठी तुम्ही उलटी करून पाहिलीत, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. बाकी प्रत्येक शाळेतून एकेक माणूस आला होता. या दोन शाळांचा मिळून एकच आला होता. त्यावर मी नंतर येते.

अलीकडच्या शाळेतला तास तुम्ही काय थाटात चालवलात! आट्यापाट्या, लंगडी, लगोरी, आणि ऊन चढलं की कडुलिंबाखाली बसून गोष्टी. सावलीत बसवलेलं पाहून मी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मोजा की तुमच्या यंत्रानं." मोजलं. झाडाच्या सावलीतसुद्धा वर्गाच्या कितीतरी पट उजेड निघाला. ते यंत्र तुम्ही आठवडाभर माझ्याकडून मागून घेतलंत आणि मुख्याध्यापकांच्या केबिनपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडचा उजेड मोजलात. केबिनमध्ये सगळ्यात कमी निघाला, हे तुम्ही केबिनमध्येच सांगितलंत.

आयटीत नोकरी करणारी एक आई फाटकाशी तुम्हाला गाठून म्हणाली होती, "अहो सर, स्किन किती टॅन झालीय तिची, प्लीज तिला एक्स्क्यूज करा ना." तुम्ही अगदी नम्रपणे म्हणालात, "मॅडम, रंग चार आठवड्यात उतरंल. लागलेला चष्मा उतरतो का?" ती बाई गेली ती दुसऱ्या दिवशी मुलीला टोपी घालून घेऊन आली. मी ते वाक्य नंतर प्रत्येक पालकसभेत वापरलं. तुमचं आहे असं एकदाही सांगितलं नाही, हे आज कबूल करते.

आता ती बटणं. दर तीन महिन्यांनी आठवडाभर आम्ही प्रत्येक मुलाच्या शर्टाला एक छोटं बटण लावायचो. अंगावर किती उजेड पडला ते त्यात नोंदलं जायचं. पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा मी पलीकडच्या शाळेची बटणं उघडून पाहिली, आणि नोंदींच्या आलेखात रोज दुपारी चार ते पाच उजेडाचा हा एवढा उंचवटा. वर्गात बसलेल्या मुलांवर! मी आधी बटणं पुरवणाऱ्या माणसाला फोनवर झाडलं. मग वाटलं, पोरांनी शर्ट काढून खिडकीत टांगले असतील. शेवटी स्कूटर काढली आणि कुणाला न सांगता वाघोली गाठली.

शाळेच्या मागे पत्र्याचं कुंपण घातलेला एक मोकळा प्लॉट होता. आतून आरडाओरडा. मी पत्रा बाजूला सारून आत गेले, तर मधोमध तुम्ही, डोळ्यांवर रुमाल बांधून, हात पसरून, आणि भोवती पलीकडच्या शाळेची पाचवी. आंधळी कोशिंबीर! मला पाहून मुलं जागच्या जागी गप्प झाली. तुम्ही मात्र तसेच चाचपडत आलात आणि माझी ओढणी पकडलीत.

"कोन हाय? बोल की! लई उंच दिसतंय."

"मी आहे, सर."

तुम्ही रुमाल काढला नाहीत. रुमालाआडूनच म्हणालात, "मंग आता काय करायचं, बाई?"

काय करायचं ते मी तुम्हाला मुलांसमोर ऐकवलं, आणि जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अभ्यासाची वाट लावलीत, म्हटलं. दोन्हीकडच्या मुलांना तास दिलात तर तुलना कशाची करायची? तुम्ही ऐकून घेतलंत, पोरांना रांगेत शाळेत पोचवलंत आणि परत येऊन वाळूच्या ढिगावर बसलात. मग म्हणालात, "सकाळी त्या पोरांना काढतो. दुपारी ह्यांना कोंडतो. चिठ्ठी माझ्याच हातानं काढली ना मी. न्हाई जमलं."

त्याच ढिगावर बसून तुम्ही मला भरतीचं सांगितलंत. अठराव्या वर्षी सैन्यभरतीला गेलात, धावण्यात पहिले आलात, आणि डोळे तपासणाऱ्याने तक्त्यासमोर उभं केलं तेव्हा वरच्या दोन ओळींच्या खाली काही दिसेना. तोवर घरात कुणाला माहीतच नव्हतं की तुम्हाला लांबचं दिसत नाही. दरवर्षी खडकवासल्याला सहल न्यायचात तेव्हा धरणापेक्षा तिथल्या लष्करी अकादमीच्या भिंतीपाशीच का रेंगाळायचात, ते मला तेव्हा कळलं. मी ढिगावरून उठले तेव्हा निम्मा राग गेला होता. उरलेला निम्मा भीतीचा होता, आणि ती भीती माझ्या स्वतःसाठी होती.

कारण हे अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीला सांगणं भागच होतं. तुम्ही समितीपुढे आलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काखेत दोन वह्या. एक अलीकडच्या शाळेची हजेरी आणि दुसरी पलीकडची. चोरून घेतलेल्या तासाचीसुद्धा तुम्ही हजेरी ठेवली होतीत! कोणतं मूल, कोणत्या दिवशी, किती वाजता बाहेर, किती वाजता आत. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, नियम मोडायचा होता तर पुरावा कशाला लिहून ठेवलात?" तुम्ही म्हणालात, "हजेरीशिवाय पोरं भायेर न्यायची न्हाईत, साहेब. एखादं हरवलं म्हंजी?" त्या वह्या बटणांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मिनिटामिनिटाला जुळल्या. त्या दोन वह्यांमुळे अलीकडच्या शाळेच्या तुमच्या नोंदींवर कुणी बोट ठेवू शकलं नाही, आणि अभ्यास वाचला.

मग अध्यक्षांनी विचारलं, "एकच शिक्षक दोन्ही गटांत कसा आला? हे सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही?"

सर, माझ्या लक्षात आलं होतं. दोन्ही शाळांच्या अर्जांवर तुमचं नाव मी वाचलं, थबकले, आणि पुढे गेले. शाळा मिळत नव्हत्या, वेळ कमी होता, आणि एकाच माणसाला सगळं समजावलं की भागतंय असा सोयीचा विचार केला. माणूस सकाळी मुलांना उजेडात नेईल आणि दुपारी त्याच हातांनी दार लावून घेईल, असं मी कागदावर गृहीत धरलं. त्या खोलीत मी हे बोलायला हवं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "माझी चूक हाय. बाईंनी मला बजावलं होतं." मी तुम्हाला काहीही बजावलं नव्हतं.

जिन्यात मी नुसतंच "सर..." म्हटलं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. तुम्हाला काढलं तर हे कोन पुरं करनार? माझं काय, मी रिटायर व्हायलाच आलोय." आठवड्याभरात संस्थेने तुम्हाला मेमो दिला. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला. आणि मी तो देऊ दिला. धन्यवाद म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून तेही म्हटलं नाही.

त्याहून कठीण पुढचं होतं. अशा अभ्यासाचा एक कडक नियम असतो: चिठ्ठीत शाळा ज्या बाजूला गेली, शेवटपर्यंत त्याच बाजूला मोजायची, मधे काहीही घडो. नाहीतर नको ती शाळा जो तो वगळत बसेल. म्हणजे वर्षभर उन्हात खेळलेली तुमची पलीकडची पोरं "नेहमीप्रमाणे" याच गटात राहणार होती. त्यांचे डोळे जितके चांगले निघतील तितका दोन गटांतला फरक कमी दिसणार. हे मी तुम्हाला समजावून सांगितलं.

"म्हंजी ह्या पोरांचं भलं झालं तर आपला तास हरनार?"

"हरू शकतो."

"आन् तास हरला तर बाकीच्या शाळांना कधीच मिळनार न्हाई."

"नाही."

त्या दिवसापासून तुम्ही पलीकडचा तास बंद केलात, आणि मला माहीत आहे, ते तुम्हाला किती जड गेलं. एक अट मात्र घातलीत. शेवटची तपासणी झाली की सगळ्यात आधी तास पलीकडच्या शाळेला द्यायचा, आणि हे मी माझ्या सहीने लिहून द्यायचं. मी लिहून दिलं. पाचवीतली स्वरा तुम्हाला रोज विचारायची, "सर, बाहेर कधी?" तुम्ही सांगायचात, "डॉक्टरबाईंना इचार." तिने विचारलंही, मी तिच्या डोळ्यांत तपासणीचं औषध घालत होते तेव्हा. त्याच तपासणीत तिला चष्मा लागला. तास चालू राहिला असता तर लागला नसता असं कुणीही म्हणू शकत नाही, मी तर नाहीच. तुम्ही म्हणालात. एकदाच, आणि मग पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. तेव्हापासून मी तुमच्याशी नीट बोललेही नाही, कारण तुमच्यासमोर उभं राहिलं की तो पाण्याचा ग्लास आठवायचा.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी तुम्ही पेढे घेऊन आलात. मी वैतागले. म्हटलं, अहो, अजून निकाल लागायचाय, पेढे कसले वाटताय? तुम्ही म्हणालात, "तुमचा लागायचाय. माझा लागला." आणि शेवटच्या मुलाचे डोळे तपासून होताच पलीकडची अख्खी सातवी घेऊन तुम्ही त्या पत्र्याआडच्या प्लॉटवर गेलात. पुढे स्वरा, नाकावरून घसरणारा चष्मा बोटाने वर ढकलत. मुलांच्या डोळ्यांत औषध होतं, जवळचं त्यांना काही दिसत नव्हतं, ऊन डोळ्यांना सहन होत नव्हतं, म्हणून तुम्ही सगळ्यांना भिंतीच्या सावलीत बसवून भेंड्या लावल्यात. मी वरच्या मजल्यावरून पाहत होते. खाली यावं, सांगून टाकावं असं फार वाटलं. मशीन बंद करायचं आहे, असं स्वतःला सांगून मी वरच थांबले. त्यानंतर दोन महिन्यांनी तुमच्या घरून काकूंचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

म्हणून आता सगळं सांगते, एका दमात. निकाल तुमच्या बाजूचा आहे. तुमची पोरं आपल्याविरुद्ध मोजली गेली आणि तरी तास जिंकला. पलीकडची मुलं त्यांच्या गटातल्या बाकीच्या शाळांपेक्षा बरी निघाली. एका शाळेवरून काही सिद्ध होत नाही, असं मी अहवालात लिहिलं आहे आणि ते बरोबर आहे. तुम्हाला मात्र सांगते, तो तक्ता पाहून मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. इतका आनंद मला डॉक्टर झाले तेव्हाही झाला नव्हता. एका गोष्टीत तुम्ही हरलात. ज्यांना आधीच चष्मा होता त्यांचा नंबर तासामुळे थांबला, असं म्हणण्याजोगं काही मिळालं नाही. खेळलं की चष्मा सुटतो, ही तुमची भविष्यवाणी फुकट गेली. आणि खेळ की उजेड, हे या अभ्यासातून ठरतच नाही, त्यामुळे पापडाचं भांडण तसंच आहे. ते आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागेल.

परवा निकाल सांगायला सगळ्या शाळांची माणसं बोलावली होती, समितीही होती. टाळ्या झाल्या. येत्या वर्षापासून आपण होऊन सगळ्या शाळांत रोजचा तास ठेवतो, असं एकेक मुख्याध्यापक उठून सांगू लागले. तुमच्या दोन्ही शाळांतल्या गणिताच्या बाई सगळ्यात आधी उठल्या, हे तुम्ही पाहायला हवं होतं. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, अजून एक नोंद राहिली आहे. दोन्ही गटांत एकच शिक्षक आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ते दडवलं. पायगुडे सरांनी ती चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली. अहवालात ही चूक माझ्या नावाने लिहिली आहे. अध्यक्ष म्हणाले, "हे तेव्हाच सांगायला हवं होतं." मी म्हटलं, हो. मग ते म्हणाले, "पुढच्या कामाचं बघू, पण त्या माणसाच्या नोकरीच्या कागदावर डाग नको." संस्थेने संध्याकाळपर्यंत पत्र काढलं: मेमो मागे घेण्यात येत आहे.

ते पत्र घेऊन मी काल तुमच्या घरी आले. काकूंनी चहा टाकला आणि मी त्यांना सगळं सांगितलं, अर्ज, ग्लास, जिना, सगळं. त्यांनी पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाल्या, "त्यांनी मला तवाच सांगितलं होतं. म्हनले, बाईंच्या तोंडचं पानी पळालं होतं, मी काय करनार मंग." मी रडले. त्यांनी रडू दिलं.

मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर शाळेच्या संघांचे फोटो, ढाली, आणि बरोबर मधोमध, आरशाच्या वर, सोनेरी पट्टीच्या चौकटीत, काच बसवून, तो मेमो. "पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर उन्हात खेळवल्याबद्दल आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे." खाली शिक्का, सही, सगळं. मी तिथे डाग पुसायला आले होते, आणि तुम्ही दोन वर्षं रोज सकाळी त्याच्याखाली उभं राहून भांग पाडत होतात!

"खिळा ठोकताना म्हनले," काकू म्हणाल्या, "भरतीचं पत्र काय आलं न्हाई आपल्याला. हे आलं."

मी माझं पत्र पुढे केलं. म्हटलं, आता हे लावा, तो काढा. काकूंनी पत्र घेतलं, कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि कपाट लावून टाकलं.

तेव्हा कळवते, सर. मेमो रीतसर मागे घेण्यात आला आहे. भिंतीवरून काढायला मात्र कुणी तयार नाही.